पाळी ३२ ते ३५ दिवसांनी येते आणि नवरा बोटीवर असतो. ओव्ह्युलेशनचे दिवस कसे ओळखायचे?

तुम्ही लिहिलंय की वय २९ आहे, पाच-सहा महिने प्रयत्न चाललाय, मोबाइलमधलं ॲप चौदावा दिवस दाखवतं आणि त्याच दिवसावर भिस्त ठेवूनही दिवस राहत नाहीत. नवरा मासेमारीच्या बोटीवर, त्यामुळे घरी असण्याचे दिवस मोजकेच. शिवाय दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून पारदर्शक, बुळबुळीत जातं, तो आजार तर नाही ना, अशी भीतीही आहे.

आजार नाही. तुम्ही जे शोधताय, ते हेच आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांत परिचारिका म्हणून नोकरी केली. "सिस्टर, अंगावरून पांढरं जातंय, ताकदीची गोळी द्या," असं म्हणत येणाऱ्या कितीतरी बायकांना प्रत्यक्षात काहीच झालेलं नसायचं. अंडं फुटायच्या, म्हणजे अंडाशयातून अंडं बाहेर पडायच्या (यालाच ओव्ह्युलेशन म्हणतात) आधी इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढतं आणि गर्भाशयाच्या तोंडाशी हा स्राव तयार होतो. पुरुषाचे शुक्रजंतू याच स्रावातून वर चढतात, त्यातच तग धरतात. आपल्याकडे त्याला अशक्तपणा समजून बायका वर्षानुवर्षं घाबरत आल्या आहेत, याचं मला फार वाईट वाटतं.

तो ओळखायचा असा. पाळी संपली की दोन-चार दिवस कोरडं वाटतं. मग थोडं चिकट, पांढरट, लोशनसारखं दिसायला लागतं. त्यानंतर एक दिवस असा येतो की लघवीला बसल्यावर पुसताना हात सरकतो. स्वच्छ धुतलेल्या बोटावर तो स्राव घ्या, अंगठा आणि तर्जनीमध्ये धरा आणि बोटं हळूहळू लांब करा. कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखी पारदर्शक तार निघाली आणि इंच-दोन इंच ताणूनही तुटली नाही, तर तुमचे सगळ्यात चांगले दिवस चालू आहेत. असा स्राव ज्या दिवशी शेवटचा दिसतो, त्याच्या आगेमागे एखाद्या दिवसात अंडं फुटतं. मग प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन वाढतं आणि तोच स्राव घट्ट होतो किंवा आटतो. संबंध आल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी वीर्यही तसंच दिसतं, म्हणून त्या दिवशी दुपारनंतर बघा. आतून साबणाने किंवा लोशनने धुऊ नका. त्याची गरज नसते आणि खूणही पुसली जाते.

मात्र फुटलेल्या दह्यासारखं जात असेल आणि खाज असेल, किंवा हिरवट-पिवळं, घाण वासाचं असेल, तर ते इन्फेक्शन आहे. आपल्याकडे पावसात आतले कपडे चार-चार दिवस दमट राहतात आणि बायका तेच घालतात, त्यामुळे जून-जुलैत ही तक्रार हमखास वाढते. इस्त्री फिरवून पूर्ण कोरडे करूनच घाला. खाज असेल तर आरोग्य केंद्रात दाखवून उपचार घ्या, लाजू नका.

आता तारखांचं. ॲपमध्ये स्वतःच्या पाळीचं अंतर भरलं नसेल तर ते २८ दिवस धरून चालतं. अंडं फुटल्यापासून पुढची पाळी यायला साधारण १४ दिवस लागतात, म्हणून मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागे. ३२ मधून १४ गेले १८, ३५ मधून १४ गेले २१. म्हणजे तुमचं अंडं अंदाजे अठराव्या ते एकविसाव्या दिवसाच्या दरम्यान फुटत असणार. चौदाव्या दिवसापर्यंत प्रयत्न करून तुम्ही थांबत असाल, तर खरे दिवस सुरू व्हायच्या सुमारासच थांबताय. पाळी येते तो रक्तस्रावाचा पहिला दिवस हा पहिला दिवस धरा आणि वहीत रोज एक शब्द लिहा: कोरडं, चिकट, तार. दोन-तीन महिन्यांत तुमची स्वतःची चाल कळेल.

नवरा बोटीवर असतो, म्हणून पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. अंडं फुटल्यावर ते जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्रजंतू मात्र त्या ताणल्या जाणाऱ्या स्रावात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहाच दिवस उपयोगाचे, त्यातही शेवटचे दोन-तीन सर्वांत चांगले. बोट सोळाव्या दिवशी बंदरातून सुटणार असेल तर "आता काय उपयोग" असं म्हणू नका. आदल्या रात्री संबंध आला तरी संधी उरते. उलट अंडं फुटून दोन दिवस झाल्यावर तो घरी आला, तर तो महिना गेला. तो घरी असेल तेव्हा तेराव्या दिवसापासून एक दिवसाआड पुरे आहे. घड्याळ लावून, घरात ताण करून काही मिळत नाही.

खात्री हवी असेल तर मेडिकलमध्ये ओव्ह्युलेशन किट मिळतं. लघवीतलं एलएच हे हार्मोन अंडं फुटायच्या साधारण २४ ते ३६ तास आधी उसळतं, ते त्यात दिसतं. तुम्ही चौदाव्या दिवसापासून रोज एकदा, दुपारच्या सुमारास तपासा. आधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नका, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी येते. प्रेग्नन्सीच्या किटमध्ये फिकी रेघही चालते, इथे चालत नाही. टेस्टची रेघ कंट्रोलच्या (किट नीट चालल्याची खूण असलेल्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. तशी आली की त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस. पीसीओडी (हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असेल तर मात्र हे किट फसवतं. एलएच आधीच चढलेलं असतं, त्यामुळे अंडं न फुटताही रेघ गडद येते.

सकाळी उठायच्या आधी तापमान घ्यायची पद्धतही आहे. अंडं फुटल्यावर ते अर्ध्या अंश फॅरनहाइटच्या आसपास वाढतं आणि तीन दिवस वरच राहिलं तर अंडं फुटलं असं धरतात. पण कळतं ते वेळ निघून गेल्यावर. शिवाय बोट रात्री-अपरात्री लागते, झोप मोडते, अशा घरात ते आकडे भरवशाचे राहत नाहीत. मी तुम्हाला ते सुचवणार नाही. ओटीपोटात एका बाजूला बारीक कळ, छाती दुखणं, इच्छा वाढणं, हे काहींना जाणवतं, काहींना मुळीच नाही. नुसत्या त्यावर दिवस ठरवू नका.

१ जूनपासून मासेमारी बंदी लागली की नवरा दोन महिने घरी असेल, तेव्हा खरी संधी आहे. पण तयारी आधी करा. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून तंबाखू आणि दारू शिमग्यालाच सुटली तर बंदीच्या दिवसांत त्याचा फायदा दिसेल. बोटीच्या इंजिनाजवळ तासन् तास काम असेल तर तो उष्माही शुक्रजंतूंना बाधतो. तुम्ही आत्ताच फोलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी रोज सुरू करा. बाळाचा मणका आणि मेंदू अगदी पहिल्या आठवड्यांत घडतो, तेव्हा दिवस राहिलेत हे कळलेलंही नसतं. मेडिकलमध्ये मिळते, आशाताईंनाही विचारून ठेवा.

घरचे देवाला गाऱ्हाणं घालत असतील तर घालू दे. पण अमुक महिन्यात राहायलाच हवं, असं कुणी म्हणालं तर सांगा की सगळं वेळेवर जुळूनही निरोगी जोडप्याला एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता चारात-पाचात एक एवढीच असते.

तुमच्या वयाला वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टरांकडे जातात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी. पण पाळीचं अंतर ३५ दिवसांच्या पुढे जायला लागलं, एखादी पाळी चुकली, किंवा दोन-तीन महिने बघूनही तार कधीच दिसली नाही, तर थांबू नका. थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं हार्मोन) यांची रक्ततपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. आणि तपासणीला जाल तेव्हा नवऱ्यालाही घेऊन जा. वीर्याची तपासणी सगळ्यात सोपी, ती पहिल्याच फेरीत व्हायला हवी.