झायलोफोन, मरिंबा की व्हाइब्स? ठोका सोडा, शेपूट ऐका

प्रश्न: नमस्कार सर. मी जुन्या हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. म्युझिक पीसमध्ये जिथे ते टुंग टुंग किंवा टिण टिण येतं तिथे मी कधी झायलोफोन लावतो, कधी मरिंबा, कधी व्हाइब्स, आणि दरवेळी आमचे सिंगर म्हणतात ओरिजिनलसारखं लागत नाहीये. हे कानाने ओळखायचं कसं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: दादा, प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण बरेच जण तिथे हाताला लागेल तो टोन लावून मोकळे होतात आणि गाण्याचा सगळा रंग तिथेच जातो. ही तिन्ही वाद्यं म्हणजे ओळीत मांडलेल्या पट्ट्या, त्यांच्यावर काठीने ठोकायचं; व्हाइब्स म्हणजे व्हायब्राफोन. एकच सवय लावून घ्या, काठी पडते तो ठोका ऐकू नका, त्याच्या मागे आवाजाचं जे शेपूट उरतं ते ऐका. ठोका फसवतो, कारण तो काठीवर ठरतो, कडक काठी घेतली तर मरिंबाही खटखटीत वाजतो आणि मऊ, लोकर गुंडाळलेली घेतली तर झायलोफोनही लाजल्यासारखा वाजतो. शेपूट मात्र पट्टीचं स्वतःचं असतं.

शेपूट चटकन तुटलं तर लाकूड, रेंगाळलं तर धातू. इथपर्यंत सोपंय.

आता लाकडातली गंमत बघा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. झायलोफोन आणि मरिंबा दोन्हीच्या पट्ट्या बऱ्याचदा रोझवूडच्याच असतात, पण पट्टी खालून पोटाला कोरतात ती वेगवेगळी. झायलोफोनची पट्टी अशी कोरतात की तुम्ही सा वाजवला की त्याच्या आत तार सप्तकातला पंचम बोलतो. मरिंबाच्या पट्टीत मात्र दोन सप्तकं वरचा सा बोलतो. म्हणजे मरिंबात सा च्या आत सा च मिसळतो म्हणून तो गोल, भरलेला लागतो, आणि झायलोफोनमध्ये तो पंचम डोकं वर काढतो म्हणून तो सगळ्या बँडमधून आरपार टोकदार ऐकू येतो. तुम्ही सुरात वाढलेला माणूस आहात, एकदा हा पंचम कानाला सापडला की मग तो लपणार नाही. शिवाय मोठा मरिंबा पाच सप्तकांचा असतो, मधल्या सी च्या, म्हणजे पियानोच्या मधोमध येणाऱ्या सी च्या, पार दोन सप्तकं खाली जातो, झायलोफोनला ते शक्यच नाही, त्यामुळे पीस खर्जात उतरला की विषय संपला. अगदी वरच्या टोकाला मात्र दोन्ही जवळ येतात आणि रेकॉर्डिंगवर ओळखणं खरंच अवघड जातं.

मरिंबा कानात बसवायचा असेल तर रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचं १९६६ चं 'अंडर माय थंब' लावा, त्यात बँडमधल्याच ब्रायन जोन्सने वाजवलाय आणि गाणं जवळजवळ त्याच्यावरच उभं आहे. आयफोनची जुनी रिंगटोन तर तुम्ही लोकलमध्ये हजारदा ऐकली असेल, तिचं नावच मरिंबा.

धातूत ग्लॉकनस्पील आणि व्हायब्राफोन. ग्लॉकच्या पट्ट्या स्टीलच्या, छोट्या, आवाज खूप उंच, टिण्ण करून चमकतो. व्हाइब्सच्या पट्ट्या अ‍ॅल्युमिनियमच्या, आवाज मधल्या उंचीचा, आणि त्याला पियानोसारखं पायाचं पेडल असतं, दाबून धरलं की सूर लांबतो, सोडलं की तुटतो. पट्ट्यांखाली नळ्या असतात, नळ्यांच्या तोंडाशी चकत्या, त्या मोटरवर फिरतात आणि नळीचं तोंड उघडत-मिटत राहतं, म्हणून आवाज वांव-वांव असा हेलकावतो. हेलकावतो तो मोठा-बारीक, सूर हलत नाही. मोटरचा स्पीड वाजवणारा ठरवतो, जॅझमधले दोन मोठे व्हाइब्सवाले बघा, मिल्ट जॅक्सन ती एकदम संथ ठेवायचा, गॅरी बर्टनने ती बंदच ठेवली. म्हणून हेलकावा नाही म्हणजे व्हाइब्स नाही असं धरू नका.

आणि सत्तरच्या दशकातल्या गाण्यांत एक वेगळाच सापळा असतो, ऱ्होड्स इलेक्ट्रिक पियानो. त्यातही हातोडी धातूवरच पडते आणि त्यालाही तसाच हेलकावा देता येतो, त्यामुळे भलेभले त्याला व्हाइब्स म्हणतात. इथे सूर मोजा. व्हाइब्सवाल्याच्या हातात सहसा जास्तीत जास्त चार काठ्या, म्हणजे एका ठोक्यात चारच सूर. पाच-सहा सुरांची भरगच्च कॉर्ड आली, किंवा डावा हात बेसमध्ये गेला, तर तो ऱ्होड्स, कारण नेहमीचा व्हायब्राफोन मधल्या सी च्या खालच्या एफ ला संपतो.

आज रात्री हे करून बघा. तुमच्या कीबोर्डवर जनरल मिडीची, म्हणजे ठरलेल्या नंबरांची, टोन लिस्ट असेलच, त्यात १० ग्लॉकनस्पील, १२ व्हायब्राफोन, १३ मरिंबा, १४ झायलोफोन असतो. मधला एकच सा प्रत्येकावर वाजवा, हेडफोन लावून, आणि आवाज पूर्ण मरेपर्यंत दुसरी की दाबू नका. १३ आणि १४ मध्ये नुसतं पुढे-मागे करत राहा. शोच्या आधी गाणंही असंच ऐका, पीसचा शेवटचा सूर पकडा, कारण त्याच्यामागे रिकामी जागा असते आणि शेपूट स्वच्छ दिसतं.

प्रश्न: मुलीला वाढदिवसाला रंगीत पट्ट्यांचा झायलोफोन आलाय. तिच्या शाळेच्या बँडमध्ये उभं धरून वाजवतात ते वाद्य पण असंच वाजतं. दोन्ही एकच का?
– एक आई, गिरगाव

उत्तर: ताई, पट्ट्या धातूच्या असतील तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, तो छोटा ग्लॉकनस्पील आहे. बँडमधलं वाद्य म्हणजे बेल लायरा, तोही ग्लॉकच, फक्त चालता चालता वाजवता यावा म्हणून उभ्या चौकटीत बसवलेला. मुलीचं कानाचं शिक्षण चांगलं सुरू झालंय! फक्त खेळण्यातल्या स्वस्त पट्ट्या बऱ्याचदा बेसूर असतात, फोनवरच्या ट्यूनर अ‍ॅपने एकदा तपासून घ्या, बेसूर सा लहानपणी कानात बसला तर काढायला त्रास होतो.

प्रश्न: ही वाद्यं मुंबईत प्रत्यक्ष कुठे बघायला मिळतील? आपल्याकडे वाजवणारे कोणी होते का?
– एक वाचक, परळ

उत्तर: होते तर! लॉर्ड कुटुंब, आपल्या मुंबईचं पारशी घर. वडील कावस लॉर्ड, मुलं केरसी आणि बुजी, तिघांनीही हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये अख्खी हयात घातली. केरसी लॉर्ड ग्लॉकनस्पील, व्हायब्राफोन, अकॉर्डियन आणि पुढे सिंथेसायझर असं सगळं वाजवायचे. जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर या वादकांची नावं फारशी छापलीच गेली नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं, गाणी तोंडपाठ आणि वाजवणारा कोण ते माहीत नाही.

बघायचं असेल तर नरिमन पॉइंटला एनसीपीएत, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा सीझन लागला की जा. प्रत्येक कार्यक्रमात ही वाद्यं असतीलच असं नाही, तिकीट काढायच्या आधी विचारून घ्या. आणि पुढच्या रांगेच्या मागे लागू नका, पर्कशनवाले, म्हणजे ठोकून वाजवायची वाद्यं वाजवणारे, एकदम मागे उभे असतात आणि खालून त्यांच्या पट्ट्या दिसत नाहीत, बाल्कनीतून हात आणि काठ्या दोन्ही दिसतात.