अर्ध्या वाटेवरचे आभार

प्रश्न : यंदा वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर (इजिप्त) देशातल्या गुलामीतून सुटल्याच्या यहुदी सणाच्या रात्री एका बेने इस्राएल (महाराष्ट्रातल्या यहुदी) मैत्रिणीकडे जेवायला गेले होते. जेवणाआधी हग्गादा, म्हणजे त्या सुटकेची कथा सांगणारं पुस्तक वाचतात, त्यात एक गाणं आलं. देवाने समुद्र दुभंगला असता आणि कोरड्या वाटेने पार नेलं नसतं, तरी आम्हांला पुरेसं होतं; पार नेलं असतं आणि आमचे वैरी बुडवले नसते, तरी पुरेसं होतं. अशी कडव्यामागून कडवी. मला ते पटेना. समुद्र दुभंगून पार नेलं नसतं, तर सगळे बुडालेच असते की! शिवाय यहुदी लोक अजून मशियाहची, म्हणजे शेवटची सुटका आणणाऱ्याची वाट पाहतात, म्हणजे सुटका पुरी झालेलीच नाही. मग अर्धवट सुटकेचे आभार मानणं म्हणजे मनाची समजूत घालणंच नाही का?

उत्तर : शंका रास्त आहे. तिथल्या तिथे बोलून दाखवली असतीत, तरी कुणी रागावलं नसतं. घरातल्या धाकट्या मुलाने प्रश्न विचारल्याशिवाय सेदर, म्हणजे त्या रात्रीचा विधी, पुढे सरकतच नाही.

त्या गाण्यात पंधरा उपकार मोजले आहेत. मिसरातून बाहेर काढण्यापासून सुरुवात, आणि शेवट यरुशलेमच्या मंदिरापाशी. माझे वडील हे गाणं म्हणताना अजिबात घाई करू देत नसत. आमच्या पोटात कावळे ओरडत असायचे. आम्ही भावंडं दोन कडवी एका दमात उरकायला बघायचो. मग ते तिथेच थांबवून गाळलेलं कडवं पुन्हा म्हणायला लावत. तुम्हांला समुद्राचं कडवं खटकलं, मला त्या वयात सिनायचं खटकायचं : सिनाय पर्वतापाशी आणलं असतं आणि तोरा (देवाचं नियमशास्त्र) दिली नसती, तरी पुरेसं होतं. तोरा वजा केली तर सिनाय म्हणजे नुसता उघडाबोडका डोंगर! आज मला ते कडवं सगळ्यांत जवळचं वाटतं. त्या डोंगराच्या पायथ्याशी उभे होते ते लोक वर्षभरापूर्वी फारोसाठी, म्हणजे मिसरच्या राजासाठी विटा पाडत होते. आता ते बायकापोरांसह, कुणा मुकादमाच्या हुकमाशिवाय, आपल्या पायांनी तिथवर आले होते. पुढे काही घडलं नसतं, तरी एवढ्याबद्दल आभार देणं लागतच होते. गाण्याचा दावा तेवढाच आहे. ‘इथवर पुरे, पुढचं नको’ असं त्यात कुठेही नाही. एक कडवं संपलं की पुढची पायरी हजर असते.

सुटका एका रात्रीत झाली, असं आपण ढोबळपणे म्हणतो. तालमुदातली, म्हणजे जुन्या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथातली नोंद वेगळी आहे. मिसरातली वेठबिगार थांबली तिश्री महिन्यात, रोश हशानाला (यहुदी नववर्षाला). प्रत्यक्ष सुटका झाली निसान महिन्यात. मधले सहा महिने त्या माणसांचं काय झालं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. पाठीवरचं ओझं उतरलेलं, पण फारो अजून गादीवर, आणि निघायचं कधी ते कुणालाच ठाऊक नाही. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देव चार वचनं देतो : ओझ्याखालून काढीन, दास्यातून सोडवीन, उद्धार करीन, आपली प्रजा करून घेईन. सेदरला द्राक्षरसाचे चार पेले घेतात, ते या चार वचनांचे म्हणून. चारही पायऱ्यांचा मिळून एकच पेला करता आला असता. तसा केला नाही. प्रत्येक पायरीला तिचा पेला, तिची ब्राखा (देवाला धन्यवाद देणारं वचन).

यरुशलेमी तालमुदात दोन गुरूंची गोष्ट आहे. रब्बी हिय्या आणि रब्बी शिमोन बेन हलाफ्ता गालीलमधल्या अर्बेलच्या दरीतून पहाटे चालले होते. पूर्वेला पहिला उजेड फुटला तेव्हा हिय्या म्हणाले, इस्राएलची सुटका अशीच असते, आधी थोडी थोडी, मग वाढत जाणारी. आता सुटका अशी हप्त्याहप्त्याने येणार असेल, तर आभार शेवटच्या हप्त्यापर्यंत राखून ठेवणाऱ्याला ती आलेली कळणारच नाही.

यहूदाच्या हिज्कीया राजाचं तसंच झालं. अश्शूरच्या सन्हेरीबाचं सैन्य यरुशलेमला वेढा घालून बसलं होतं आणि शहर वाचलं. तालमूद म्हणतो, देव हिज्कीयालाच मशियाह करणार होता. पण देवाचाच न्याय आडवा येऊन त्याला म्हणाला : दावीदाने एवढी स्तोत्रं गायली, त्याला तू मशियाह केलं नाहीस, आणि याच्यासाठी एवढे चमत्कार केलेस तरी याने एक गीतही म्हटलं नाही, त्याला करणार? मग धरतीच पुढे झाली आणि म्हणाली, या सज्जनाच्या वतीने मी गाते. राजा दुष्ट नव्हता, हे ध्यानात घ्या. तालमूद त्याला सज्जनच म्हणतो. गाणं तेवढं म्हणायचं राहून गेलं.

मनाची समजूत म्हणाल, तर तिलाही आमच्याकडे थारा नाही. पुरीम हा सण हामान या दरबाऱ्याच्या कटातून सगळी जमात वाचली त्याचा, तरी त्या दिवशी हलेलची, म्हणजे स्तुतीची स्तोत्रं म्हणत नाहीत. रावा नावाच्या गुरूने कारण सांगितलं : आपण अजून अहश्वेरोशाचेच, म्हणजे पर्शियाच्या राजाचेच चाकर होतो. जीव वाचला, स्वातंत्र्य आलं नाही. म्हणून त्या दिवशी एस्तेरचं पुस्तक वाचायचं, गरिबांना द्यायचं, प्रार्थनेत त्या चमत्काराचे आभार मानायचे, पण हलेल नाही. जेवढं मिळालं तेवढ्याचेच आभार, आणि तेही नाव घेऊन. मला हा काटेकोरपणा फार आवडतो.

तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर मात्र मिश्नातच, म्हणजे तालमूद ज्यावर उभा आहे त्या जुन्या ग्रंथातच आहे. तटबंदीच्या शहरात शिरताना आणि बाहेर पडताना काय म्हणावं, याची तिथे चर्चा चालली आहे. शहर म्हणजे धोका. कोण पकडेल, कोण कसला आळ घेईल, नेम नाही. बेन अज्जाय नावाचे गुरू सांगतात, चारदा प्रार्थना करा, दोनदा आत जाताना, दोनदा बाहेर येताना. झालं त्याचे आभार मानायचे आणि पुढच्यासाठी टाहो फोडायचा. दोन्ही एकाच माणसाने, एकाच वेशीत उभं राहून. आभार मानले म्हणून मागण्याचा हक्क जात नाही.

आमच्या मलिद्यातही हेच आहे. आजारातून उठलं, घर बांधलं, लग्न ठरलं, नवस फिटला की बेने इस्राएल घरात मलिदा होतो. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, आणि भोवती फळं. खजुराला झाडाच्या फळाची ब्राखा, केळ्याला जमिनीच्या फळाची. दोन्ही एकात उरकत नाहीत. हे सगळं होतं एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे संदेष्टा एलियाच्या नावाने. मलाखीच्या पुस्तकात शेवटच्या मोठ्या दिवसाआधी यायचं वचन आहे तो हाच एलियाहू. ज्याची वाट पाहणं अजून संपलेलं नाही, त्याच्याच नावाने आम्ही घरातल्या बारीकसारीक सुटकांचे आभार मानतो.

प्रश्न : आईचं मोठं ऑपरेशन झालं. घरी आली आहे, पण आधाराशिवाय चालता येत नाही. सिनेगॉगमध्ये आभाराची ब्राखा आत्ता म्हणावी की पूर्ण बरी झाल्यावर?

उत्तर : समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, दुखण्यातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला, या चौघांनी म्हणायची ती हगोमेल. दहा जणांसमोर म्हणतात, आणि आजाऱ्याने बरं होऊन हिंडूफिरू लागल्यावर. म्हणून तिच्यासाठी थांबा. बाकीचे आभार थांबवू नका. रोजच्या तिन्ही प्रार्थनांत मोदीम हा आभाराचा भाग येतो. त्यात संध्याकाळ, सकाळ, दुपार दर वेळच्या उपकारांचे आभार आहेत. आज आई भिंतीला धरून खिडकीपर्यंत गेली असेल, तर मोदीम म्हणताना तेच मनात आणू दे. दहा जण लागत नाहीत, आणि आजारी माणसाने बसून म्हटलं तरी चालतं.