तारेच्या समीकरणाला उत्तर असतेच का?

प्रश्न : दोन्ही टोके बांधलेल्या तारेचा आरंभीचा आकार आणि वेग दिला, तर तिची हालचाल सांगणाऱ्या तरंग-समीकरणाला उत्तर असतेच, हे कशावरून? टोकांवर हव्या तितक्या अटी घालता येतात का?

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न फार मोलाचा आहे, कारण उत्तर शोधण्याआधी ते आहे की नाही हे विचारण्याची सवय आपल्याला क्वचितच लावली जाते. फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी १७४७ मध्ये दाखवले की तारेची हालचाल म्हणजे विरुद्ध दिशांना धावणाऱ्या दोन तरंगांची बेरीज असते. टोकाशी तरंग उलटा होऊन परततो, हे लक्षात घेतले की उत्तर प्रत्यक्ष रचताच येते. मात्र ते दोनदा विकलनीय आणि त्याचे दुसरे विकलज (विकलज म्हणजे बदलाचा दर) सलग हवे असतील, तर आरंभीचा आकार तितकाच गुळगुळीत हवा, वेगाचा विकलज सलग हवा, आणि टोकांशी आकार, वेग व आकाराचा द्वितीय विकलज शून्य हवा. तंबोऱ्याची तार बोटाने ओढली की तिथे कोन पडतो. अशा आकाराला या कडक अर्थाने उत्तर नसते, म्हणून ‘दुर्बल उत्तर’, म्हणजे प्रत्येक बिंदूवर विकलज न मागता सरासरीच्या अर्थाने समीकरण पाळणारे उत्तर, ही संकल्पना लागते.

अटींच्या संख्येला मात्र मर्यादा आहे. तरंग एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे, जात असेल, तर अट फक्त डाव्या टोकावर घालता येते. उजवीकडे काय पोहोचणार हे आधीच ठरलेले असते. थोडक्यात, टोकातून जितके तरंग आत येतात तितक्याच अटी तिथे घालता येतात. अनेक मितींत एवढी मोजणी पुरत नाही. तिथे सीमेवरच्या अटींमुळे उत्तर हाताबाहेर वाढत नाही ना, हे पाहणारी, गणिती क्राइस यांनी १९७० मध्ये मांडलेली अट तपासावी लागते.