बाजूची भिंत

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

शिकागोत ‘बघायलाच हवीत’ अशा घरांची तुझी यादी मिळाली. यादी चांगली आहे, पण तिच्यातली बरीचशी घरं तिकीट काढून बघायची आहेत. त्यातलं रॉबी हाउस चुकवू नकोस. १९१० साली पुरं झालेल्या त्या घराच्या विटा नेहमीपेक्षा लांबट आणि चपट्या आहेत. विटांमधल्या आडव्या दर्जा, म्हणजे सांधे, खोल खरवडलेल्या, उभ्या मात्र विटेच्याच रंगाच्या मसाल्यानं बुजवलेल्या. त्यामुळे नजर भिंतीवरून आडवीच पळत जाते. घराचा वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट याला इथल्या माळरानाचं सपाटपण घरात उतरवायचं होतं, ते त्यानं असं दर्जांमधून साधलं. एवढं नीट बघितलंस तर गाइडचं बाकीचं ऐकलं नाहीस तरी चालेल.

पण सुरुवात तिथून करू नकोस. साध्या गल्लीत जा आणि घराची बाजूची भिंत बघ.

शिकागोत ८ ऑक्टोबर १८७१ ला लागलेली आग दोन दिवस धुमसत होती. सुमारे १७ हजार इमारती जळाल्या, लाखभर माणसं उघड्यावर आली. त्यानंतर शहराच्या मोठ्या भागात नवं लाकडी घर बांधायला बंदी झाली आणि विटेला दिवस आले. इथल्याच चिकणमातीची वीट निघायची ती ओबडधोबड, एक गुलाबी तर दुसरी पिवळट, तिसरी करपलेली. तिचं नावच ‘कॉमन ब्रिक’. ती लावायची बाजूला आणि मागे. रस्त्याकडच्या अंगाला मात्र गुळगुळीत वीट, नाहीतर इंडियानाहून आणलेला करडा चुनखडीचा दगड. शेजारचं घर हाताच्या अंतरावर, तेव्हा बाजू कुणाला दिसतेय, हा सरळ हिशेब. शेजारचं घर पाडलं की तो उघडा पडतो. ज्याला सगळे ‘ग्रेस्टोन’ म्हणून मान वर करून बघतात, ते घर तीन बाजूंनी साध्या विटेचंच असतं. मला त्यात लबाडी दिसत नाही. आपणही पाहुण्यांसाठी ठेवणीतले कप काढतोच की.

ही वीट मऊ असते. चुन्याच्या दर्जा तिला मानवतात. कुणी हौसेनं कडक सिमेंटनं दर्जा भरल्या की आत शिरलेल्या पाण्याला सांध्यातून बाहेर पडता येत नाही, थंडीत ते गोठतं आणि विटेचे पापुद्रे निघतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांच्या भिंतींना सिमेंट थापून हेच करतात, फक्त तिथे गोठण्याऐवजी ओल चढते. पापुद्रे सुटलेली भिंत दिसली की समज, इथे दुरुस्तीनंच घात केलाय.

मग पिल्सेनला जा. नाव बोहेमियातल्या प्ल्झेन्यवरून आलंय. चेक कामगारांनी वसवलेली ही वस्ती, पुढे मेक्सिकन कुटुंबांची झाली. अठराव्या रस्त्यावर १८९२ चा थालिया हॉल, म्हणजे जुनं नाट्यगृह, आहे, पण मला तिथली छोटी घरंच जास्त आवडतात. काही घरांपुढे अंगण फुटपाथच्या खाली खड्ड्यात आणि दारापर्यंत छोटासा पूल. शहर दलदलीवर उभं, सांडपाण्याला उतार मिळेना, म्हणून एकोणिसाव्या शतकात रस्तेच भर घालून उंच केले. ज्यांना परवडलं त्यांनी घरं उचलून घेतली. बाकीच्यांची राहिली तिथेच, आणि पहिल्या मजल्याचं तळघर झालं. एखाद्या दारावरच्या रंगीत काचेत आजच्या पाटीशी न जुळणारा नंबर दिसला तर गोंधळू नकोस. १९०९ साली शहरानं बहुतेक घरांचे नंबर बदलले. पाटी बदलली, काच कोण बदलतंय?

मागच्या बोळात जायला विसरू नकोस. लाकडी जिने, मागच्या गॅलऱ्या, गाडीखाने सगळं तिथे आहे. ‘टू-फ्लॅट’ म्हणजे काय ते समोरून कळत नाही, मागून कळतं: एका मजल्यावर मालक, दुसऱ्यावर भाडेकरू, आणि त्याच्या भाड्यातून मालकाचा हप्ता. पोलिश, चेक, लिथुएनियन अशा किती कुटुंबांनी याच आधारावर स्वतःचं घर केलं.

भिंतीवर न दिसणाऱ्या गोष्टीसाठी नॉर्थ लॉनडेल या वस्तीत जा. ग्रेस्टोनची देखणी रांग आहे तिथे, मधेमधे दात पडल्यासारखी. १९५० च्या दशकात काळी कुटुंबं तिथे घरं घेऊ लागली तेव्हा बँका त्यांना कर्ज देत नव्हत्या. मग दलाल घर स्वस्तात घ्यायचे आणि कितीतरी जास्त किमतीला ‘काँट्रॅक्ट’वर विकायचे. सगळे पैसे फिटेपर्यंत मालकी दलालाची. एक हप्ता चुकला की घरही गेलं आणि भरलेले पैसेही गेले. १९६८ साली या लोकांनी काँट्रॅक्ट बायर्स लीग नावाची संघटना काढून हप्ते रोखले, कोर्टात गेले. या रांगेचा फोटो काढून खाली नुसतं ‘सुंदर कोरीवकाम’ लिहिलंस तर मला राग येईल.

जाण्याआधी सॅनबॉर्न कंपनीचे नकाशे बघत जा. आगीच्या विम्यासाठी काढलेले, गुलाबी म्हणजे वीट, पिवळं म्हणजे लाकूड. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं त्यातले पुष्कळ इंटरनेटवर ठेवलेत. आज रिकाम्या असलेल्या प्लॉटवर पिवळा चौकोन सापडला की त्या दिवशी माझं जेवण लांबतं.

एक सांभाळ. तरुणपणी मी एका घराच्या कंगोऱ्याचा फोटो काढायला थेट आवारात शिरलो होतो. आतून एक आजीबाई आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “काय हरवलंय तुमचं?” मला उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून फुटपाथ सोडत नाही. कुणी विचारलं तर खरं सांगतो, आणि बहुतेक वेळा तेच आत बोलावतात.

शनिवारी सकाळी नऊला पिंक लाइन या लोकल गाडीच्या अठराव्या रस्त्याच्या स्टेशनवर ये. मला जिन्याला वेळ लागतो, तोवर तिथली भित्तिचित्रं बघ. वही आण, जाड तळव्याचे बूट घाल, बोळात काचा असतात.

तुझा,
काका