मुलाकडे मेलबर्नला चाललोय. तिथलं कुक्स कॉटेज खरंच बघण्यासारखं आहे का?

तुमचा मुलगा म्हणतो ना, "एवढंसं तर घर आहे, त्यापेक्षा एमसीजी बघा"? एमसीजी, म्हणजे मेलबर्नचं मोठं क्रिकेट मैदान, बघाच. पण ज्या फिट्झरॉय गार्डन्समध्ये हे घर आहे, ती बाग तिथून पायी पंधरा मिनिटांवर आहे. आम्ही लेकीकडे गेलो होतो तेव्हा एकाच दिवसात दोन्ही उरकलं.

घर एवढंसं आहे हे खरं. आपल्याकडच्या वाड्यांची ढेलज त्याहून ऐसपैस असते. अर्ध्या तासात सगळं बघून होतं. आतलं सामानही बहुतेक त्या काळचं म्हणून बाहेरून आणून मांडलेलं.

"कॅप्टन कुकचं घर" म्हणतात (अठराव्या शतकातला इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक), तेही ओढूनताणूनच. दारावर १७५५ साल आणि त्याच्या आईबापाची आद्याक्षरं कोरलेली आहेत. कुक तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता, घर सोडून त्याला दहा वर्षं झाली होती आणि त्याच साली तो नौदलात शिरला. आईबापाला भेटायला कधी आला असेल तर तेवढंच.

आणि हे घर मुळात मेलबर्नचं नाहीच! ते इंग्लंडात, यॉर्कशायरच्या ग्रेट एटन गावात होतं. १९३३ मध्ये विकायला निघालं. मालकीणबाईंची अट अशी की घर इंग्लंडबाहेर जाऊ द्यायचं नाही. शेवटी "ब्रिटिश साम्राज्याबाहेर नाही" यावर त्या राजी झाल्या, आणि ऑस्ट्रेलिया तेव्हा साम्राज्यातच होतं. मेलबर्नचे उद्योगपती रसेल ग्रिमवेड यांनी ८०० पौंडांना घेतलं, सगळं उकलून २५३ खोकी आणि ४० पिंपांत भरलं, बोटीनं आणलं आणि १९३४ मध्ये शहराच्या शताब्दीला पुन्हा उभं केलं. भिंतीवरच्या वेलीच्या काड्यासुद्धा तोडून आणून लावल्या.

मी अडकलो ते इथं. आमचं गाव किल्लारी पट्ट्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात आमच्या घराच्या दगडमातीच्या भिंती माळवदासकट बसल्या. पुढं पुनर्वसनात गाव दुसरीकडं गेलं, दगड तिथंच राहिले, ज्याला लागले त्यानं बांधाला नेले. कुकच्या घराच्या दाराशी उभी राहून बायको म्हणाली, "आपल्या दारावरची गणेशपट्टी कुठं गेली असंल हो?" मला सांगता आलं नाही. वीस मिनिटं आम्ही बाहेरच्या बाकावरच बसून होतो, लेक सारखी घड्याळ बघत होती.

तेव्हा कुकसाठी जाऊ नका, घरासाठी जा. बाग फुकट आहे, घरात जायला तिकीट लागतं. गुडघे दुखत असतील तर वरच्या मजल्याचा हट्ट नको, जिना अरुंद आहे.

वेळ उरला तर किंग्ज डोमेन या बागेतलं ला ट्रोब कॉटेज बघा. मेलबर्न भागाचा पहिला सुपरिंटेंडंट, म्हणजे ब्रिटिश प्रशासक, चार्ल्स ला ट्रोब यानं १८३९ मध्ये ते लाकडी घर सुट्या भागांत जहाजातून आणलं होतं. ते रोज उघडं नसतं, मुलाला आधी चौकशी करायला सांगा.