हजेरीपुस्तक आधी वाच

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

बाबांनी काजूचा कारखाना तुझ्या हाती दिला आणि सहा महिन्यांत सोलणीच्या, म्हणजे दाण्यावरची साल काढणाऱ्या, अकरा बायका सोडून गेल्या, असं तू लिहिलंस. पुढे लिहिलंस, "काका, आपल्याकडे माणसांना कामच नको असतं." वेंगुर्ल्यात काजूच्या धंद्यात मी चाळीस वर्षं काढली, त्यातली पहिली दहा हेच म्हणत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तेव्हा मी एका कारखान्याचा कारभार बघत होतो. एका वर्षी सोलणीच्या सात-आठ बायका रोज वीस मिनिटं उशिरा यायला लागल्या. तीनदा उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापायची, असा नियम मी लावला. महिन्याभरात चौघी गेल्या. त्यांतल्या एकीच्या सुरीखाली दाणा क्वचितच तुटायचा. पुढे एका रविवारी हजेरीपुस्तक घेऊन बसलो. उशिरा येणाऱ्या सगळ्या एकाच वाडीतल्या, आणि सगळ्यांचा उशीर एकाच सोमवारपासूनचा. त्या सोमवारी सकाळच्या एसटीची वेळ बदलली होती. बायकांनी मुकादमाला सांगितलं होतं, पण त्याने ते माझ्यापर्यंत आणलंच नाही. मी त्या चौघींच्या घरी गेलो. दोघी परत आल्या. ती सुरीवाली आली नाही, आणि ते मला आजही लागतं.

नवी बाई बसवली की पहिले काही महिने पाकळी (दुभंगलेला दाणा) आणि तुकडाच जास्त निघतो. पौंडात २२० ते २४० अख्खे दाणे बसले तर तो डब्ल्यू-२४० प्रतीचा माल. त्याच्या आणि तुकड्याच्या भावातला फरक तू रोज बघतेस. अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवायला निघालो आणि कितीतरी पट जास्त घालवून बसलो.

म्हणून गेल्या तीन वर्षांची पुस्तकं काढ. खाडे कधी पडतात ते लाल पेनाने खुणाव. जुलैत भाताची लावणी, मग गणपती, ऑक्टोबरात कापणी, पुढे शिमगा. आणि मार्च ते मे स्वतःच्या बागेतली काजूची बी गोळा करायची, नेमकी आपली खरेदी जोरात असते तेव्हाच. याला आपण दांडी म्हणतो. एक बाई मला सरळ म्हणाली होती, "गणपतीक मुंबयची माणसा येतली, मी फॅक्टरीत कशी येतलंय?" तिचं बरोबर होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा बोटवाले रडत बसत नाहीत. जाळी दुरुस्त करतात, इंजिन उतरवतात. तूही बॉयलरची दुरुस्ती आणि भट्टीची डागडुजी गणपतीच्या आठवड्यात लाव. नीट वाळवलेली बी गोदामात थांबते. लावणीच्या दिवसांत पाळ्या अर्ध्या कर आणि ते मे महिन्यातच फळ्यावर लिही.

बॉयलरवरच्या मुलग्यांचं वेगळं आहे. बांदा, सावंतवाडीकडचे मुलगे रोज गोव्यात कामाला जातात, आणि जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातल्या मोपाच्या नव्या विमानतळावरून विमानं सुरू झाल्यापासून ती वाट आणखी जवळची झाली. त्या पगाराशी तुला बरोबरी जमणार नाही. त्यापेक्षा दोघांना बॉयलर अटेंडंटच्या परीक्षेला बसव, फी तू भर. एक जाईल, हे धरूनच चाल.

आता पैशांचं. किलोवर मजुरी दिली तरी दिवसाचा हिशोब किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये. वजन तिच्या डोळ्यांसमोर कर आणि आकडा तिच्याच वहीत लिही. आमच्याकडची निम्मी भांडणं काट्यावरची होती. २० माणसं झाली की भविष्यनिर्वाह निधी लागू होतो. बायका म्हणतील, "कापू नका, हातात द्या." ऐकू नकोस, पण रागावूही नकोस. तिच्या मजुरीतून जेवढे जातात तेवढेच तू घालतेस, हे मोबाईलवर पासबुक उघडून दाखव. एकीने खातं पाहिलं की ती बाकीच्यांना सांगते. जूनमध्ये शाळा उघडताना आणि गणपतीआधी उचल मागतील. दे, पण लिहून दे, आणि फेड एका महिन्यात वसूल करू नकोस.

आणि हे टाळू नकोस. १० किंवा जास्त माणसं असतील तर २०१३च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवीच: अध्यक्ष स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा, या विषयाची जाण असलेला. नुसता कागद भिंतीवर लावून भागत नाही. तुझ्या कारखान्यात सोलणाऱ्या सगळ्या बायका आणि मुकादम पुरुष. वजन तोच लिहितो, रजा तोच देतो, त्याच्याविरुद्ध कोण बोलणार? बाहेरची सदस्य म्हणून गावातल्या निवृत्त शिक्षिकेला विचार. बायका तिच्या घरी जाऊन बोलतील. रजेची वही मात्र उद्यापासूनच मुकादमाकडून काढून स्वतःच्या टेबलावर ठेव.

काजूची बी फोडणाऱ्या बायकांचे हातही बघ. टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटते. हातमोजे दिले असतील, पण गरम होतात म्हणून त्या काढून ठेवतात का, ते सकाळी अकराला जाऊन पाहा.

त्या अकराजणींची नावं आणि वाड्या मला लिहून पाठव. कोण कुठल्या तारखेला थांबली तेही लिही. पुढच्या आठवड्यात मी येतो, आपण दोघं त्यांच्याकडे जाऊ.

तुझा,
काका