बिल पास झालं, पैसे कधी?

उद्योग-व्यवसायाविषयी वाचकांनी पाठवलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : भोसरीत माझं दोन व्हीएमसी (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग) मशीनचं वर्कशॉप आहे. चाकणच्या एका कंपनीसाठी जॉबवर्क करतो, ऐंशी टक्के काम तिचंच. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ६० दिवस लिहिलंय, पैसे येतात १२० दिवसांनी. आज १४ लाख अडकलेत. जीएसटी मात्र वेळेवर खिशातून भरावा लागतो आणि कॅश क्रेडिट (बँकेनं दिलेली उधारीची मर्यादा) कायम काठोकाठ असतं. तक्रार केली तर काम जाईल, ही भीती. काय करावं?

तक्रारीचा विचार थोडा नंतर करू. ते १४ लाख म्हणजे पंधरा-वीस वेगवेगळी बिलं असणार, आणि प्रत्येक बिल वेगळ्या कारणानं थांबलेलं असू शकतं. एका कागदावर बिलागणिक ओळ घाला: बिलाची तारीख, पीओ नंबर, डिलिव्हरी चलनाचा नंबर, गेटवरचा शिक्का, जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) झालं का, क्वालिटीनं माल रोखलाय का, डेबिट नोट (बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) आहे का. हा तक्ता भरताना बहुतेकांच्या लक्षात येतं की पैसे अकाउंट्सपर्यंत पोचण्याआधीच अडकलेत. चलनावरचा पार्ट नंबर पीओशी जुळत नाही. पीओची क्वांटिटी संपलेली असते, पण स्टोअरच्या माणसानं "पाठवा, अमेंडमेंट येईल" म्हटलेलं असतं. दर वाढवून मिळाला, पण तोंडी. अशा बिलांसाठी अकाउंट्समध्ये कितीही फोन केले तरी उपयोग नाही. स्टोअर आणि परचेसमध्ये जाऊन कागद दुरुस्त करून घ्यावा लागतो.

आणखी एक अडचण हल्ली फार दिसते. तुम्ही तिमाही रिटर्न भरत असाल, तर तुमचं बिल ग्राहकाच्या जीएसटीआर-२बी मध्ये (त्याला वजावट मिळणाऱ्या जीएसटीच्या यादीत) तिमाही संपल्यावरच दिसतं, आणि अनेक कंपन्या तोवर निदान जीएसटीची रक्कम तरी रोखून धरतात. त्यावर उपाय सोपा आहे. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या, तिमाही संपण्याआधी बिलं टाकायच्या सोयीत) टाका. आपल्या सीएला आजच सांगा.

आता कायदा. तुमची उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. जॉबवर्क करणाऱ्या सूक्ष्म आणि लघुउद्योगाला २००६च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास) कायद्याचं संरक्षण आहे. (निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांनी हे नीट वाचावं: उद्यम नोंदणी त्यांनाही मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. थकबाकीची तरतूद त्यांना लागू नाही.) नोंदणीआधीच्या बिलांवरून वाद उभे राहतात, म्हणून नोंदणी आधी करा आणि तिचा नंबर प्रत्येक बिलावर छापा.

या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. म्हणजे तुमच्या पीओवरचे ६० दिवस मुळातच मर्यादेबाहेर आहेत. माल पोचल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो स्वीकारला असंच धरलं जातं. मुदत उलटली की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि हे व्याज ग्राहकाला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

तुमच्या हातात याहून मोठं बळ आयकराचं आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, सूक्ष्म किंवा लघुउद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. त्यामुळे ३१ मार्चला तुमची मुदत उलटलेली थकबाकी ग्राहकाच्या नफ्यात जाऊन बसते आणि तिच्यावर कर लागतो. ऑडिटरही हा प्रश्न विचारतात. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस एक सौम्य पत्र पाठवा: उद्यम नंबर, बिलांची तारीखवार यादी, आणि "३१ मार्चपूर्वी खाते जुळवून घ्यावे, ही विनंती". यात धमकी नाही, त्यामुळे संबंध बिघडत नाहीत. सोबत बॅलन्स कन्फर्मेशनवर सही-शिक्का मागा. पुढे कधी वाद झालाच, तर बाकी मान्य केल्याचा तो पुरावा ठरतो. एखादं बिल १५० दिवसांपलीकडे गेलं असेल, तर हेही नमूद करा की १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (त्या बिलावरच्या जीएसटीची वजावट) ग्राहकाला व्याजासकट परत करावं लागतं.

कंपनीची उलाढाल २५० कोटींच्या वर असेल, तर तिला ट्रेड्सवर (बिलांवर बँकांकडून आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर) नोंदणी बंधनकारक आहे. तिथे तुमचं बिल कंपनीनं मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, थोडी कसर कापून पैसे लगेच खात्यात येतात, आणि कंपनीनं पुढे बँकेचे पैसे थकवले तरी ते तुमच्याकडून वसूल होत नाहीत. अडचण एकच: नोंदणी असूनही बिलं मान्य करायला टाळाटाळ होते. तरीही परचेसकडे लेखी मागणी करा.

याच कायद्याखाली थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे अर्ज हा शेवटचा मार्ग. परिषदेनं ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. मात्र निकालाविरुद्ध कोर्टात जायचं, तर ग्राहकाला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, ही जमेची बाजू. आमचं मत असं की काम चालू असलेल्या ग्राहकावर हा अर्ज लगेच टाकू नये. पण जिथे काम थांबलंय आणि फोनही उचलले जात नाहीत, तिथे वर्ष-दोन वर्षं वाट बघत बसणं चूक आहे.

भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण ती खरी आहे, आणि तिचं मूळ त्या ऐंशी टक्क्यांत आहे. हिशेब करून पाहा: कॅश क्रेडिटचा दर ११ टक्के धरला तर १२० दिवसांच्या उधारीत शंभर रुपयांच्या बिलामागे सुमारे ३ रुपये ६० पैसे व्याजात जातात. नफा दहा टक्के असेल, तर त्याचा तिसरा हिस्सा तिथेच संपला. म्हणजे ४५ दिवसांत पैसे देणारा ग्राहक दोन टक्के कमी दर देत असला तरी तुम्हाला परवडतो. पुढच्या वर्षभरात एका मशीनचे निम्मे तास अशा दोन-तीन लहान ग्राहकांकडे वळवा. एका ग्राहकाचं काम निम्म्याच्या खाली आलं की पत्र लिहिताना हात थरथरणार नाही.

प्रश्न : कोथरूडला घरून चकली बनवून दुकानांना देते. छापील किंमत ४८० रुपये किलो, खर्च ३०० रुपये. दुकानदार २५ टक्के ठेवतो. वर्षभर राबूनही हातात काही उरत नाही, आणि मऊ पडलेला माल परत येतो.

ताई, तुमचा हिशेब ४८० वजा ३०० असा चाललाय. दुकानदाराचे २५ टक्के छापील किमतीवर, म्हणजे १२० रुपये. तुमच्या हाती ३६०. शंभर किलोंतले आठ किलो परत येतात असं धरलं, तर सरासरी ३३१. त्यातून ३०० गेले, रिक्षा-पेट्रोलचे किलोमागे १५ गेले, उरले १६ रुपये. तुमची स्वतःची मजुरी त्या सोळा रुपयांत आहे.

किंमत ५४० केली आणि परतावा तीन टक्क्यांवर आणला, तर हाच आकडा ७८ च्या आसपास जातो. परतावा कमी करणं तुमच्याच हातात आहे. चकली कोमट असताना पिशवीत भरली, तर वाफ आत अडकते आणि दोन दिवसांत ती मऊ पडते. पूर्ण गार होऊ द्या, पण पावसाळ्यात तासन्‌तास उघडीही ठेवू नका, हवेतली ओल ती लगेच ओढून घेते. साध्या पातळ पॉलिथीनऐवजी आतून चंदेरी थर असलेले लॅमिनेटेड पाऊच घ्या. त्यातून ओल आणि उजेड दोन्ही शिरत नाहीत, त्यामुळे तेल खवट व्हायलाही वेळ लागतो. सील केलेलं दर पन्नासावं पाकीट पाण्याच्या बादलीत दाबून बघा. बुडबुडे आले तर सीलिंग मशीनची पट्टी जळली आहे किंवा तापमान कमी पडतंय. तळणीचं तेल काळपट, चिकट किंवा फेसाळ झालं की टाकून द्या, त्यात नवं तेल मिसळत राहू नका.

दुकानाला महिन्याचा माल एकदम न देता आठवड्याचाच द्या, आणि बॅच नंबर बघूनच परत घ्या. तारीख उलटेपर्यंत फळीवर पडून राहिलेला माल तुमच्या माथी यायला नको, हे पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

प्रश्न : नऱ्हेत फॅब्रिकेशनचं काम आहे. शिकवून तयार केलेला कारागीर सोडून गेला आणि माझेच ग्राहक घेतले. पुढच्या माणसाकडून "दोन वर्षं हा धंदा करणार नाही" असा बाँड घेऊ का?

घेऊ नका, टिकणार नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार नोकरी सोडल्यानंतर धंदा करण्यावर बंदी घालणारा करार रद्द ठरतो. नोटिशीचा एक महिना आणि तुमची ड्रॉइंग्ज, दरपत्रकं बाहेर न नेण्याची अट मात्र घालता येते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे साइटवर माप घ्यायला कारागीर गेला तरी कोटेशन, दराची बोलणी आणि काम संपल्यावरचा फोन तुमच्याच नंबरवरून व्हायला हवा. आणि टिग वेल्डिंग एकट्यालाच येत असेल, तर दुसऱ्याला आत्तापासून रोज अर्धा तास भंगाराच्या पत्र्यावर बसवा.